पीपी की पीपीके? बाँड चित्रमालेचा पुढचा टप्पा

जेम्स बाँडची पिस्तुलं रेखाटण्याच्या माझ्या मालिकेतला 'डॉ. नो' चित्रपटाचा तक्ता अखेर शाईत उतरला. मालिकेचा नियम पहिल्यापासून एकच आहे: पिस्तूल खऱ्या मापात, डाव्या बाजूने, आणि जे प्रत्यक्ष पडद्यावर दिसतं तेच काढायचं. पात्रं त्याला काय म्हणतात ते खाली बारीक अक्षरात. कादंबऱ्यांतल्या हत्यारांचे तक्ते स्वतंत्र.

हा नियम किती गरजेचा आहे ते याच चित्रपटात कळतं. १९६२ च्या त्या प्रसिद्ध प्रसंगात बाँडचं बेरेटा पिस्तूल काढून घेतात आणि शस्त्रतज्ज्ञ मेजर बूथरॉइड त्याला वॉल्थर कंपनीचं पीपीके पिस्तूल देतो. संवादात पीपीके, हातात मात्र वॉल्थर पीपी! दोन्ही एकाच घराण्यातली. पीपी १९२९ चं. पीपीके त्यानंतर आलेलं आणि आखूड. पीपीची लांबी १७० मिलिमीटर, पीपीकेची १५५. पण चालत्या दृश्यात मिलिमीटर मोजता येत नाहीत, म्हणून मी मुठीकडे बघतो. पीपीच्या मुठीचा मागचा कणा पोलादी असतो आणि दोन बाजूंना दोन वेगळ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. पीपीकेला एकच प्लॅस्टिकचं कवच मागून वळसा घालून येतं. एकदा ही खूण डोळ्यात बसली की चित्रपट थांबवायचीही गरज पडत नाही.

याच तक्त्यावर आणखी तीन पिस्तुलं आली. काढून घेतलेली बेरेटा १९३४ मॉडेलची आहे. खलनायकाचा हस्तक प्रोफेसर डेंट याला मारताना बाँडच्या हातात सायलेन्सर लावलेलं एफएन १९१० असतं. आणि डेंटचं हत्यार? बाँड त्याला स्मिथ अँड वेसन म्हणतो, सहा गोळ्या संपल्याचंही सांगतो. दिसतं ते कोल्ट १९११, ज्याच्या मॅगझिनमध्ये सात मावतात. त्याची जाड स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) शाईने भरताना फार मजा आली.

कादंबरीचा तक्ता अजून पेन्सिलीत आहे आणि माझा जीव खरा त्यातच अडकलाय. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रप्रेमी वाचकाने १९५६ मध्ये बाँडचा लेखक इयान फ्लेमिंगला पत्र लिहिलं: पॉइंट २५ कॅलिबरची बेरेटा म्हणजे बायकांचं पिस्तूल, बाँडला शोभत नाही. त्याने सुचवलं स्मिथ अँड वेसनचं सेंटेनिअल एअरवेट रिव्हॉल्व्हर. त्याचा घोडा आत झाकलेला असल्यामुळे ते कपड्यात अडकत नाही. सोबत बर्न्स-मार्टिन होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायची म्यान. फ्लेमिंगने या वाचकाचं नावच कादंबरीतल्या शस्त्रतज्ज्ञाला दिलं. १९५८ च्या 'डॉ. नो'मध्ये बेरेटा जाण्याचं कारणही सुंदर जुळवलंय: आधीच्या कादंबरीत सायलेन्सर कपड्यात अडकला आणि बाँड मरता मरता वाचला.

अडचण होल्स्टरची आहे. कादंबरीत फ्लेमिंगने ते पीपीकेसाठी दिलं, पण बर्न्स-मार्टिनची स्प्रिंग रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरला धरून ठेवते. पीपीकेला सिलिंडरच नाही, मग धरणार कशाला? मी होल्स्टर सेंटेनिअलसह काढतोय आणि पीपीके शेजारी मोकळं ठेवतोय. कादंबरीचा शब्द न् शब्द पाळायचा तर ते आत दाखवायला हवं, पण ज्या यंत्रणेने हत्यार जागेवर राहणारच नाही ती चित्रात खरी म्हणून दाखवणं मला पटत नाही. बूथरॉइडनेच सुचवलेली जोडी एकत्र दिसली तर तक्ता जास्त प्रामाणिक होईल.

'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या प्रसिद्धीचित्रांतलं लांब नळीचं पिस्तूलही रेखाटून ठेवलंय. ते वॉल्थरचंच, पण एलपी ५३ नावाचं हवेवर चालणारं. फोटोच्या वेळी पीपीके हाताशी नव्हतं, म्हणून शॉन कॉनरीच्या हातात ते आलं. त्या लांब नळीमुळे कॉनरीची उभी आकृती आणखी रुबाबदार दिसते, हे मात्र नक्की.

यानंतर 'स्कायफॉल'चं पीपीके/एस, तळव्याचा ठसा ओळखणाऱ्या मुठीचं. १९६८ च्या अमेरिकी आयात कायद्यात पीपीके उंचीला कमी पडलं, म्हणून पीपीच्या सांगाड्यावर पीपीकेची स्लाइड बसवून हा प्रकार निघाला. म्हणजे मुठीचा पोलादी कणा परत आला आणि इथे माझी मुठीची खूण एकटी पुरणार नाही. नळीकडची लांबीही बघावी लागेल. उजेडातली दृश्यं निवडून ठेवली आहेत, आधी मुठीचाच कच्चा आराखडा काढतोय.