पादांग गालाकच्या मैदानावरचे पतंग

जुलै महिन्यात बालीमध्ये इतके पर्यटक असतात की उबुदच्या मुख्य रस्त्यावरून चालताना समोरच्या माणसाच्या पाठीपलीकडे फारसे काही दिसत नाही. आम्ही दोघी बहिणी तिथे राहिलो, डोंगरउतारावरची भातखाचरे पाहिली, काही देवळे पाहिली, आणि त्या दिवसांविषयी मला लिहावेसे वाटत नाही. ज्याविषयी लिहायचे आहे ते आम्हाला देनपसारहून सानूरकडे येताना, बायपास रस्त्यावर, भर दुपारी भेटले.

वाहतूक पूर्ण थांबली होती. समोरून मोटारसायकलींचा एक ताफा आला. मागे बसलेल्या मुलांच्या हातात उंच निशाणे होती आणि सगळ्यांच्या डोक्याला उदेंग, म्हणजे बाली पुरुष धार्मिक प्रसंगी बांधतात तो रुमाल, एकाच रंगाचा होता. त्यांच्यामागे उघड्या ट्रकमध्ये ढोल, झांजा आणि काशाच्या गाँग वाजवणारा ताफा दाटीवाटीने बसला होता. या मिरवणुकीच्या वाद्यमेळाला तिथे बालेगांजुर म्हणतात. सर्वांत शेवटी लाल, पांढऱ्या आणि काळ्या कापडाचा एक प्रचंड पतंग आला. तो रस्त्याची जवळजवळ सगळी रुंदी व्यापून तीस-चाळीस तरुणांच्या खांद्यांवरून पुढे सरकत होता आणि त्याच्या पुढे चालणारी दोन मुले लांब बांबूंनी रस्त्यावर आडव्या गेलेल्या तारा वर उचलून धरत होती. ऊन कडक होते, गाडी तापली होती आणि पाऊण तास उलटल्यावर मला राग येऊ लागला होता. आमच्या ड्रायव्हरने मात्र इंजिन बंद केले, तो खाली उतरला आणि पतंग समोरून जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. एकाही गाडीने हॉर्न वाजवला नाही, हे माझ्या उशिराच लक्षात आले.

आम्ही त्याला बाली रीतीप्रमाणे ‘ब्ली’, म्हणजे दादा, म्हणत असू. हा तुमच्या गावचा पतंग आहे का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “नाही इबू (म्हणजे बाई), आमच्या बंजारचा उद्या येईल. पण बंजार कुठलाही असला तरी वाट द्यायचीच.” बंजार ही तिथल्या वस्तीची पारंपरिक संघटना. लग्न, अंत्यसंस्कार, देवळातले उत्सव, वस्तीतले सामाईक काम हे सगळे बंजारच्या सभासदांनी मिळून करायचे असते आणि पतंगही त्याच सामाईक कामात मोडतो. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळात एखादा मुलगा लहानपणी झांज वाजवतो आणि मोठा होऊन वर्गणीचा हिशेब ठेवतो, तसेच तिथे मूल आधी शेपटाचे कापड धरते, मग दोरावर जाते आणि पुढे बांबू तासायला शिकते. त्या मिरवणुकीमागून पतंग उडवण्याच्या मैदानावर जायचे, असे आम्ही तिथेच ठरवले. संध्याकाळचे नृत्य पाहण्याचे आरक्षण वाया गेले.

पादांग गालाक हा सानूरच्या उत्तरेकडचा काळसर वाळूचा किनारा. अयुंग नदी याच बाजूला समुद्राला मिळते आणि किनाऱ्याला लागून मोकळी सपाट जागा आहे. कोरड्या ऋतूत, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, आग्नेयेकडून सलग आणि भरवशाचा वारा वाहतो. भाताची कापणी झालेली असते, शेते मोकळी असतात, आणि बाली शेतकऱ्याच्या समजुतीप्रमाणे याच दिवसांत रारे आंगोन पृथ्वीवर उतरतो. रारे आंगोन म्हणजे गुराख्याच्या पोराच्या रूपातला शिव. तो बासरी वाजवून वाऱ्याला बोलावतो आणि पतंग उडवतो. आपल्याकडे बासरी आणि गुरे ही कृष्णाची, आणि शंकर म्हटला की स्मशान आणि कैलास. इथे शंकरच रानात गुरे राखत पतंगाचा दोर धरून उभा असलेला पाहून माझ्या बहिणीला फार आनंद झाला. पीक चांगले आले म्हणून देवाचे आभार मानणे आणि पुढच्या पिकासाठी त्याला आळवणे हा या पतंगांचा मूळ हेतू आहे. या किनाऱ्यावरच्या स्पर्धा 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून होऊ लागल्या. त्याच्या कितीतरी आधीपासून पतंग शेतांवर होतेच.

पारंपरिक पतंगांचे प्रकार तीन. बेबेआन माशाच्या आकाराचा, रुंद तोंडाचा आणि दुभंगलेल्या शेपटीचा असतो. तो वाऱ्यावर स्थिर राहतो, म्हणून मैदानात त्याचीच संख्या जास्त. पेचुकान पानासारखा आणि वळलेला असतो. तो सतत कलतो, गोते खातो, म्हणून तो उडवणाऱ्यांचा मान मोठा. तिसरा जांग्गान. त्याला लाकडात कोरलेले, मुकुट घातलेले नागाचे मस्तक असते आणि शंभर मीटरहूनही लांब कापडी शेपूट असते. हा नाग म्हणजे बासुकी, आपला वासुकी, ज्याने पृथ्वी तोलून धरली आहे अशी तिथली श्रद्धा आहे. काही बंजारांत हे मस्तक वर्षभर पूज्य वस्तू म्हणून जपून ठेवतात आणि मोसम आला की पूजा करून बाहेर काढतात. लाल ब्रह्माचा, काळा विष्णूचा आणि पांढरा शिवाचा. पतंगांवरचे रंग ठरतात ते या हिशेबाने. आपल्याकडे ज्याला वावडी म्हणतात त्याच्या कितीतरी पट मोठे, चार-चार मीटर रुंद आणि दहा मीटरपर्यंत लांब पतंग एका ओळीत जमिनीवर टेकवून ठेवलेले आम्ही पाहिले, आणि प्रत्येकापुढे केळीच्या व नारळाच्या पानांच्या छोट्या द्रोणात फुले, तांदूळ आणि उदबत्ती ठेवलेली होती.

आम्ही पाहिलेल्या जांग्गानच्या गटात सत्तरएक जण तरी असतील. पांढऱ्या वेषातल्या पुजाऱ्याने, ज्याला तिथे पेमांगकू म्हणतात, आधी मस्तकावर आणि मग दोर धरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर तीर्थ शिंपडले. ते तीर्थ त्यांच्याही भाषेत ‘तीर्ता’च. त्यानंतर गट तीन भागांत विभागला. काहींनी पतंग उभा करून धरला, काहींनी मनगटाएवढा दोर घेऊन वाऱ्याच्या दिशेने लांब धाव घेतली, आणि सर्वांत मोठा गट शेपटाचे कापड हातांवर झेलत, पीळ पडू न देता, मैदानभर पसरला. म्होरक्याच्या हाताच्या खुणेवर वाद्यमेळाचा वेग वाढला आणि पतंग सुटला. तो पहिल्या झेपेत चढला आणि लगेच डावीकडे कलून खाली आला. मस्तक जमिनीवर आपटण्याआधी चार-पाच जणांनी त्याच्याखाली अक्षरशः स्वतःला झोकून दिले. कोणी ओरडले नाही, कोणी कोणाला दोष दिला नाही. मस्तक तपासले, कामट्या तपासल्या, कन्नीची गाठ दोन बोटे खाली घेतली आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी गेले. दुसऱ्या खेपेला वारा पडला, तेव्हा ते तसेच, पतंग उभा धरून, थांबून राहिले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी आम्हाला आपल्या छत्रीखाली घेतले आणि त्यांच्याजवळची कागदात बांधलेली भाताची पुडी उघडून आमच्यापुढे धरली. त्यांचा मुलगा शेपटावर होता. तो कोणता, हे मात्र इतक्या सारख्या उदेंगांमध्ये त्यांनाही दाखवता आले नाही.

मग वारा आला आणि जांग्गान वर गेला. पतंग चढताना मी लहानपणापासून पाहिले आहेत, परंतु सापासारखे वळत, एकेका हातातून सुटत, जमिनीवरून आकाशात वाहत जाणारे शंभर मीटरांचे कापड मी कधी पाहिले नव्हते. शेपटाचे शेवटचे टोक ज्या मुलाच्या हातात होते तो जेमतेम बारा वर्षांचा असेल. ते सुटले तेव्हा तो काही क्षण दोन्ही हात वर करून तसाच धावत राहिला. आणि वरून आवाज सुरू झाला. पतंगाच्या पाठीवर एक धनुष्य बांधलेले असते, त्याला गुवांगान म्हणतात, आणि त्यावर ताणलेली पट्टी वाऱ्याने कंप पावून खोल, संथ घुमत राहते. दहा-बारा पतंग वर असतील तर तो घोष छातीत जाणवतो. आपल्या गावचा पतंग न पाहता, केवळ त्याच्या आवाजावरून ओळखता येतो, असे ब्लीने सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बंजारचा बेबेआन चढला तेव्हा त्याने पाठमोरे उभे राहून आम्हाला ते करूनही दाखवले.

मी येवल्याची आहे. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस आमच्याकडे गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही. आसारीवर, म्हणजे फिरकीवर, मांजा भरणे, हलकडी या वाद्याच्या तालावर पेच लावणे आणि कटलेल्या पतंगामागे धावणे हे माझ्या रक्तात आहे, आणि मला ते आजही प्रिय आहे. तरीही पादांग गालाकच्या आकाशात इतके पतंग एकमेकांशेजारी, कोणीही कोणाचा दोर न कापता, तासन्तास उभे असलेले पाहताना मला वाटले की नायलॉन मांजाने पक्षी आणि माणसे जखमी होऊनही आम्ही दरवर्षी ज्याला परंपरा म्हणतो, तिचा आम्हाला पुन्हा विचार करायला हवा. बालीतही लहान मुले छोट्या पतंगांचे पेच लावतात; पण बंजारचा पतंग पाडण्याचा विचार तिथे कोणाच्या मनात येत नाही.

त्या आकाशालाही मर्यादा आहेत. विमानतळाच्या परिसरात पतंग उडवण्यावर 2000 सालच्या प्रांतिक कायद्याने निर्बंध आहेत, आणि ते का हवेत हे 19 जुलै 2024 रोजी दिसले: बेटाच्या दक्षिणेला पर्यटकांचे एक हेलिकॉप्टर पतंगाच्या दोरात अडकून कोसळले. आतले पाचही जण वाचले. ब्ली त्याविषयी बोलताना गंभीर झाला. रात्रभर आकाशात ठेवलेल्या पतंगांचे दोर कुठे बांधायचे आणि कोणी राखायचे, यावर आपल्या बंजारच्या सभेत वाद झाला, हे त्याने काहीही न लपवता सांगितले.

या मैदानावर आम्हाला तिकीट पडले नाही, कोणी बसायला खुर्ची दिली नाही, आणि सावली नावालाही नव्हती. आमच्या हॉटेलला स्पर्धेच्या तारखा माहीत नव्हत्या. तारखा तिथल्या वस्तीतल्या माणसाला विचाराव्यात. माझी तक्रार आहे ती माझ्यासारख्याच पाहुण्यांविषयी. जांग्गान उभा राहिला की कॅमेरे घेतलेले लोक थेट पतंगासमोर धावत जातात, दोरावरून उड्या मारतात आणि जमिनीवर ठेवलेले फुलांचे द्रोण तुडवतात. एक वृद्ध गृहस्थ दोन्ही दिवस हात जोडून त्यांना मागे सारत होते, आणि ते पुन्हा पुढे येत होते. एका खेपेला शेपूट एका पाहुण्याच्या तिपाईत अडकले आणि चढत असलेला पतंग खाली ओढून घ्यावा लागला. तिथे जाणाऱ्यांनी वाद्यमेळाच्या मागे, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. पतंगाच्या मागे मैदानाची जी लांब पट्टी रिकामी दिसते ती शेपटासाठी सोडलेली असते.