दीड एकराचं पाणी

मे महिन्यात मराठवाड्यात कोण फिरायला जातं, असं घरी सगळ्यांनीच विचारलं. माझं मत उलटं आहे. मराठवाडा बघायचा तर मेमध्येच बघावा. पावसाळ्यानंतर गेलात तर वेरूळचे हिरवे डोंगर दिसतील, पण इथली माणसं उन्हाळाभर कशाच्या मागे धावत असतात, ते कळणार नाही.

संभाजीनगरात पाणचक्की पाहिली, इमरती खाल्ली, ऊन लागलं. पैठणला जायकवाडीच्या भिंतीवर गेले. भिंत दहा किलोमीटर लांब, धरण १९७६ सालचं. धरणाचा जलाशय, नाथसागर, पसरट आणि उथळ आहे, त्यामुळे उन्हाळ्यात भरपूर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. याच धरणावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा दर दुष्काळात भांडतात. १५ ऑक्टोबरला धरणातला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र २०१४ला ठरलं. २०१५, २०१८, २०२३ला सोडलंही. पण भांडण सगळं येणाऱ्या पाण्याचं. आलेलं पाणी कुठे आणि किती लागतं, याचा हिशोब धरणावर कुणी सांगितला नाही. तो भेटला कडवंचीत.

कडवंची म्हणजे जालन्याहून सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागणारं गाव. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं १९९६पासून इथं पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी शिवारातच अडवून जिरवायचं काम झालं, बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी आणि द्राक्षं आली. एवढं वाचून गेले होते. ज्यांच्याकडे गेले ते काका साठीच्या आसपासचे. चहा झाल्यावर म्हणाले, "ताई, बागेच्या आधी तळं बघा. बाग त्याच्यावरच आहे."

तळं तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. काळ्या प्लॅस्टिकच्या अस्तराच्या उतारावर ऑइलपेंटनं हात-हात अंतरावर पांढऱ्या रेघा ओढलेल्या आणि प्रत्येक रेघेशी आकडा. पाणी कुठल्या रेघेवर आहे ते काका रोज सकाळी शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहितात. शेजारी मोटार किती वेळ चालली, आणि तिसऱ्या रकान्यात नुसतं 'ऊन'.

"हे कशाला?"

"ऊन पण पाणी पितं ना. मेमध्ये दिवसाला सेंटीमीटरभर उतरतं, आपण थेंबही न घेता."

मी तिथंच मोबाइलवर गुणाकार केला. तळं काठोकाठ भरलं तर नऊशे चौरस मीटरवर सेंटीमीटरभर म्हणजे नऊ हजार लिटर. जवळजवळ एक टँकर, रोज. ज्यांनी बोअरचं पाणी उपसून उघड्या तळ्यात साठवायचा सपाटा लावलाय, त्यांना हा आकडा कुणीतरी वाचून दाखवायला हवा. कातळाखालचं सावलीतलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं, याला साठवण म्हणणं मला पटत नाही. काकांचं तळं पावसाळ्यात विहीर तुडुंब असते तेव्हा भरून घेतलेलं.

एप्रिलची खरड छाटणी झाली, म्हणजे द्राक्षाच्या जुन्या काड्या कापल्या, की पुढचे दोन महिने वेलीला पाण्याची ओढ पडून चालत नाही, कारण पुढच्या हंगामाचे घड त्याच काडीत धरतात. ठिबकनं एकराला रोज पंधरा हजार लिटर. तळ्यात पाणी साधारण बावीस लाख लिटर. उन्हाचं वजा करा, पावसाला उशीर धरा. "दीड एकर निघतो. दोन लावले तर दोन्ही जातात," काका म्हणाले.

मग त्यांनी बागेचं टोक दाखवलं. लोखंडी अँगल उभे, तारा ताणलेल्या, आणि वर काहीच नाही. चांगली फळावर आलेली अर्धा एकर बाग त्यांनी मागच्या वर्षी स्वतःच्या हातानं तोडली होती. काकू तेवढे दिवस शेतात आल्या नव्हत्या. मी त्या रिकाम्या तारांखाली उभी राहिले आणि मला रडू आलं. धरणांची उद्घाटनं होतात, या तोडलेल्या अर्ध्या एकराची दखल कोण घेणार?

तिथून लातूरला मामाकडे. मुरूडच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि त्याच रस्त्यावर पाण्याचे टँकर. २०१६च्या एप्रिलमध्ये याच शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. म्हणजे काकांचं एक तळं आणि वर थोडं. उसाला वर्षाला पावसासकट दोन हजार मिलिमीटर पाणी धरलं तरी एकरी ऐंशी लाख लिटर होतात. एका एकराला अशा तीन गाड्या. त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं, आणि ऊस परत आला.

मामेभावाचा चार एकर ऊस आहे. पाणी किती देतो विचारलं तर म्हणाला, "मोटार ऑटोला असते. रात्री लाईट आली की आपोआप चालू, गेली की बंद. मोजतंय कोण?" मी चिडले. विहिरीवर मीटर बसव म्हटलं. तोही चिडला. "तूर लावली होती ना मी. खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे भरायला पोतीच, नव्हता, चार दिवस ट्रॅक्टर उभा. शेवटी व्यापाऱ्याला मातीमोल दिली. उसाला कारखान्याची टोळी येते, तोडून नेते, पैसे उशिरा का होईना मिळतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाणी वाचवा म्हणून त्याला सांगणारे पुष्कळ आहेत, त्याची तूर वेळेवर विकत घेणारं कुणी नाही. मामी जेवायला वाढून थांबल्या होत्या आणि आम्ही रात्री अकरापर्यंत वाद घालत होतो. मीटरला तो अजूनही तयार नाही. तुरीची खरेदी हमीभावानं, वेळेवर होईल असं कुणी लिहून दिलं, तर दोन एकर ऊस मोडायला मात्र तयार आहे.