भरलेला कार्बॉय आणि त्याच्या बुडाखालची जागा

घरी वाइन करणारे आपण सगळे रसाची गोडी मोजतो, यीस्ट कोणते घालावे यावर खल करतो, खोलीच्या तापमानावर लक्ष ठेवतो. पण हे सगळे ज्या भांड्यात महिनोन्महिने राहणार आहे त्या भांड्याच्या बुडाखाली काय आहे, याचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो. माझ्या मते तो सर्वांत आधी व्हायला हवा, कारण भांडे एकदा भरले की जागा सुधारण्याची संधी जवळजवळ उरत नाही.

आधी वजनाचा हिशेब मांडू. 23 लिटरचा काचेचा कार्बॉय, म्हणजे वाइन ठेवायचा अरुंद तोंडाचा मोठा बुधला, रिकामा असताना साधारण 6 ते 7 किलोचा असतो. ताज्या रसात साखर विरघळलेली असल्यामुळे तो पाण्यापेक्षा जड असतो. त्याची विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेतील जडपणा) 1.090 असेल, तर 23 लिटर रसाचे वजन 25 किलो भरते. म्हणजे किण्वन सुरू होताना आधारावर 31 ते 32 किलोंचा भार असतो. पुढे साखरेच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि भार दोन किलोंहून अधिक कमी होतो, तरीही तयार वाइनने भरलेला कार्बॉय 30 किलोंच्या आसपासच राहतो. 54 लिटरचा डेमिजॉन, म्हणजे टोपलीत बसवलेला त्याहून मोठा काचेचा बुधला, तर 60 किलोंच्या पलीकडे जातो. आता याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रात, ओझे शरीराजवळ आहे, योग्य उंचीवर आहे, पकड चांगली आहे आणि कंबर वळवावी लागत नाही अशा सर्वांत अनुकूल स्थितीतही, हाताने उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा 23 किलो धरली आहे. गोल, गुळगुळीत आणि बऱ्याचदा ओल्या असलेल्या कार्बॉयच्या बाबतीत यांतली एकही अट धड पुरी होत नाही.

या आकड्यांवरून मी एक नियम घालून घेतला आहे आणि बाकीची व्यवस्था त्याच्याभोवती रचली आहे. भांडे रिकामे असतानाच त्याच्या जागी ठेवायचे, रस किंवा वाइन नळीने तिथवर न्यायची, आणि भांडे रिकामे झाल्यावरच तिथून काढायचे. वजन एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेच पाहिजे, पण ते हातांनी गेले पाहिजे असे मुळीच नाही.

हा नियम पाळायचा, तर भांडे जिथे राहते तिथूनच वाइन साक्यावरून, म्हणजे तळाशी बसलेल्या गाळावरून, दुसऱ्या भांड्यात काढता आली पाहिजे; यालाच रॅकिंग म्हणतात. सायफन, म्हणजे वाइन आपोआप खाली उतरवणारी नळी, केवळ पातळीच्या फरकावर चालतो. वरच्या भांड्याचे बूड खालच्या भांड्याच्या तोंडापेक्षा थोडे वर असले, की वरची सगळी वाइन खाली उतरते. 23 लिटरचा कार्बॉय सुमारे अर्धा मीटर उंच असतो, म्हणून 55 ते 60 सेंटीमीटर उंचीची घडवंची पुरेशी होते. त्याहून उंच टेबलावर किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर भांडे चढवल्याने प्रवाह थोडा जोरात येतो, परंतु भांडे पडल्यास होणारे नुकसानही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे गरजेपेक्षा अधिक उंचीचा मला तरी काही लाभ दिसत नाही. घडवंचीवरच मुक्काम असल्याचा आणखी एक फायदा आहे. रॅकिंगच्या दिवशी जमिनीवरचा कार्बॉय उचलून वर ठेवला, तर तळाशी शांत बसलेला साका ढवळला जातो आणि तो पुन्हा खाली बसेपर्यंत काही दिवस वाट पाहावी लागते. जो मुळात हललाच नाही, त्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही.

येथे चाणाक्ष वाचक विचारेल, की एकदा वाइन खालच्या भांड्यात आली की पुढच्या रॅकिंगच्या वेळी ती वर कशी न्यायची? याची दोन उत्तरे मला पटलेली आहेत. पहिले म्हणजे खाद्यपदार्थांसाठी योग्य असा छोटा पंप, जो मीटरभर उंचीवर द्रव सहज चढवतो. वाइनमध्ये हवा मिसळू नये म्हणून त्याचा वेग कमी ठेवावा आणि नळीचे टोक वरच्या भांड्याच्या तळापर्यंत सोडावे. दुसरे उत्तर म्हणजे मोठी भांडी वापरायचीच नाहीत. एका 23 लिटरच्या कार्बॉयऐवजी दहा-अकरा लिटरची दोन भांडी घेतली, तर प्रत्येक भरलेले भांडे साधारण 15 किलोंचे होते आणि एका माणसाला ते सावधपणे हलवता येते. ज्यांच्या पाठीला पूर्वी दुखापत झाली आहे किंवा जे घरात एकटेच हे काम करतात, त्यांना मी या दोहोंपैकी दुसरा मार्गच सुचवेन.

आता काचेविषयी. काच दाब पुष्कळ सोसते, पण ताण फार थोडा सोसते, आणि बुडाखाली आधार सगळीकडे सारखा नसला की तिच्यात हाच ताण निर्माण होतो. बहुतेक कार्बॉयच्या बुडाचा मधला भाग आत दबलेला असतो आणि सगळे वजन कडेच्या वर्तुळाकार पट्टीवर येते. त्या पट्टीखाली वाळूचा एक खडा किंवा फळीतून किंचित वर आलेले स्क्रूचे डोके असले, तरी भार एका बिंदूवर एकवटतो आणि तिथून तडा सुरू होऊ शकतो. म्हणून भांडे ठेवण्यापूर्वी फळीवरून तळहात फिरवून पाहावा आणि तिच्यावर रबराची किंवा कॉर्कची एकसंध चटई अंथरावी. ही चटई थंड फरशीपासूनही काचेला वेगळे ठेवते. कोमट पाण्याने धुतलेले भांडे थेट गार दगडावर टेकवणे धोक्याचे असते, कारण तापमानातील अचानक फरक साधी काच सहन करू शकत नाही. साका एका बाजूला जमावा म्हणून पुष्कळ जण कार्बॉयच्या बुडाखाली पाचर सरकवतात. तसे केल्यास सगळा भार काचेच्या कडेवरील थोड्याशा जागेवर येतो. कल हवाच असेल, तर पाचर भांड्याखालच्या पाटाखाली बसवावी, म्हणजे बूड सपाट लाकडावर पूर्ण टेकलेले राहते. कल अगदी अल्प ठेवावा आणि उताराच्या बाजूला पट्टी ठोकावी.

घडवंची कशी असावी, यावर मी सर्वांत अधिक वेळ खर्च केला आहे आणि तो सार्थकी लागला असे मला वाटते. भार लाकडावरून लाकडावर उतरत जमिनीपर्यंत गेला पाहिजे. फळी आडव्या पट्टीवर टेकलेली असावी, आडवी पट्टी पायाच्या माथ्यावर किंवा पायात कोरलेल्या खाचेत बसलेली असावी, आणि स्क्रू केवळ हे सारे एकत्र धरून ठेवण्यासाठी असावेत. जिथे आडवी पट्टी पायाच्या बाजूला नुसत्या स्क्रूंनी लटकवलेली असते, तिथे रात्रंदिवस सगळे वजन त्या चार-सहा स्क्रूंवर असते. भिंतीला ब्रॅकेट लावून काढलेल्या फळ्या मला या कामासाठी मान्यच नाहीत, मग ब्रॅकेट कितीही जाड असोत. तिथे भार ब्रॅकेटला भिंतीपासून उचकटत असतो आणि पोकळ भिंतीत तर त्याला धरायला काहीच नसते. तयार रॅक घेताना त्यावर लिहिलेली वजनमर्यादा नीट समजून घ्यावी. ती बहुधा संपूर्ण फळीवर सारख्या पसरलेल्या भाराची असते, तर कार्बॉय आपले 30 किलो वजन फूटभर जागेत टाकतो.

फळीची जाडी आणि तिच्या दोन आधारांमधील अंतर यांचा संबंध लक्षात ठेवण्यासारखा आहे. अंतर दुप्पट केले, तर तोच भार मध्यभागी ठेवल्यावर फळी आठपट वाकते. उलट जाडी दुप्पट केली, तर वाकणे एक अष्टमांशावर येते. त्यामुळे लांब फळी घेऊन ती जाड करत बसण्यापेक्षा मध्ये एक पाय वाढवणे केव्हाही सोपे पडते. भुशापासून बनवलेला पार्टिकल बोर्ड टाळावा, कारण सततच्या भाराखाली तो हळूहळू कायमचा वाकतो आणि सांडलेली वाइन मुरली की फुगून भुसभुशीत होतो. चांगले प्लायवूड किंवा सलग लाकूड घ्यावे. घडवंची पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुलू नये म्हणून मागच्या बाजूला तिरप्या पट्ट्या माराव्यात, तिला भिंतीशी जखडावे, आणि फळीच्या पुढच्या कडेला चार-पाच सेंटीमीटर उंचीची पट्टी लावावी, म्हणजे धक्का बसला किंवा जमीन हादरली तरी भांडे सरकत सरकत कडेबाहेर जाणार नाही. दोन मजली रचना केल्यास सर्वांत जड भांडी खालीच ठेवावीत. विजेचे बोर्ड किंवा वायरी भांड्यांच्या खाली असू नयेत.

पहिला रस ओतण्याआधी मी सगळी भांडी त्यांच्या जागी ठेवून पाण्याने भरतो, पाणसळ लावून पाहतो आणि आठवडाभर तशीच राहू देतो. रस पाण्यापेक्षा नऊ-दहा टक्के जड असतो, म्हणून शक्य असेल तर थोडे जास्त वजन वर ठेवून पाहावे. फळी किती वाकली, सांधे सैल झाले का, भांडे कुठे पाझरते का, हे सगळे पाण्यावर कळते आणि त्याची किंमत फक्त फरशी पुसण्याएवढी असते.

घराच्या जमिनीचा विचार एक-दोन भांड्यांसाठी करावा लागत नाही. पुष्कळ देशांत राहत्या खोल्यांच्या जमिनी दर चौरस मीटरला सुमारे 150 ते 200 किलो भार धरून आखतात. चौरस मीटरमध्ये सात-आठ कार्बॉय दाटीने मांडले, की ही मर्यादा ओलांडली जाते. जमीन लाकडी असेल, तर भांडी भिंतीच्या कडेने आणि तुळयांना आडवी जाईल अशा रांगेत ठेवावीत.

काही वेळा भरलेले भांडे हलवण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा ते मानेला धरून कधीही उचलू नये. मानेला बसवायच्या कड्या रिकाम्या भांड्यासाठी असतात. चौकोनी मजबूत क्रेटमध्ये तळाला प्लायवूडचा तुकडा घालून त्यात कार्बॉय ठेवला, तर दोन्ही बाजूंना खरी मूठ मिळते आणि दोन माणसांना तो धरता येतो. हात आणि काच कोरडी असावी, पायात बंद बूट असावेत, वाट आधी मोकळी करून घ्यावी आणि ती जिन्यावरून जात नसावी. खाली ठेवताना भांडे दणकन आदळू नये, कारण आतल्या द्रवाचा धक्का थेट बुडाला बसतो. आणि भांडे निसटलेच, तर ते झेलायला हात पुढे न करता मागे सरावे. फुटलेल्या कार्बॉयच्या काचेने बोटांचे स्नायुबंध कापले जाऊ शकतात. ही सूचना घरातील प्रत्येक मदतनिसाला काम सुरू होण्यापूर्वी मोठ्याने सांगावी असे मला मनापासून वाटते.

पेट या प्लास्टिकचे कार्बॉय हलके असतात आणि फुटत नाहीत, पण भिंती दबल्या-सुटल्या की एअरलॉकमधील (वायू बाहेर सोडून हवा आत येऊ न देणाऱ्या, तोंडावरच्या पाण्याच्या सापळ्यातील) पाणी आत ओढले जाते, म्हणून त्यांनाही सपाट, पूर्ण आधार हवा आणि कडेने दाबून उचलणे नको. डेमिजॉनची वेताची टोपली काचेला ठोकरीपासून वाचवते. जुन्या टोपलीच्या मुठींवर मात्र भरलेल्या भांड्याचा भार टाकू नये, कारण ओलाव्याने वेत तळाकडून कुजतो आणि वरून तो चांगला दिसत राहतो.

लाकडी पिंपाचे गणित वेगळे आहे. 225 लिटरचे ओकचे पिंप भरल्यावर पाव टनाहून जड होते, पण 20-30 लिटरच्या लहान पिंपालाही तोच नियम लागू आहे. ते आडवे ठेवायचे, बूच वर, आणि आधार द्यायचा तो दोन्ही टोकांच्या जवळ, लोखंडी कड्यांच्या खाली. फुगीर पोटाचा भाग अधांतरी राहिला पाहिजे, नाहीतर मधल्या पट्ट्यांवर भार येऊन सांधे उघडतात. पाळण्यासारख्या कोरलेल्या दोन आडव्या लाकडांवर पिंप बसवून चारही बाजूंनी पाचरी मारल्या, की ते लोळत नाही. पोटाखाली हात जाईल एवढी जागा राहू द्यावी, म्हणजे कुठे ओल धरली आहे का ते बोटांनी तपासता येते आणि आधाराचे लाकूड बुरशी येण्याआधी पुसून कोरडे करता येते.