धोरणाची मागणी मंत्रालयात कुठे अडते

मुख्यमंत्र्यांच्या नावे निवेदन, खाली सह्या, सोबत कात्रणं. महाराष्ट्रात बहुतेक संघटना सरकारकडे धोरणबदल मागतात तो असा. त्यावर आवक शिक्का बसतो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो आणि कागद कुठल्यातरी विभागात निजतो. दरवेळी अधिकाऱ्यांची अनास्था हेच कारण नसतं. त्या कागदावर टिपणी काय लिहायची, हेच अनेकदा कळत नाही.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचंच घ्या. हंगामी वसतिगृहं शालेय शिक्षण विभागाकडे, संत भगवानबाबा वसतिगृहं सामाजिक न्यायकडे, साखर आयुक्तालय सहकारकडे, मजुरांच्या हक्कांचे कायदे कामगार विभागाकडे. 'मुलांची सोय करा' असं एकच निवेदन दिलं की प्रत्येक विभाग 'विषय आमच्याशी संबंधित नाही' म्हणून ते पुढे सरकवतो. म्हणून विभागागणिक वेगळं पत्र द्यावं आणि एका पत्रात एकच मागणी ठेवावी.

पत्र नेमकं कुणाच्या टेबलावर जायला हवं, हे जुन्या जीआरमध्येच, म्हणजे शासन निर्णयातच सापडतं. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर त्या विषयाचा सर्वांत अलीकडचा निर्णय उघडा. क्रमांकात 'प्र.क्र.'नंतर, तिरप्या रेघेपुढे बहुधा कार्यासनाचं, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या कक्षाचं, नाव असतं. 'वाचा' या मथळ्याखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. तीही काढून वाचा, कारण तुमची मागणी पूर्वीच कुठेतरी अर्धवट मान्य झालेली असू शकते. मग मागणी अशी लिहा: अमुक तारखेच्या निर्णयातील अमुक परिच्छेदात या शब्दांऐवजी हे शब्द घालावेत. सुधारित परिच्छेद पूर्ण लिहून जोडा. फाईल कार्यासनातून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. खालच्या माणसाला जे लिहून तयार मिळतं तेच वर जातं, हे बाहेरच्यांनी नीट ओळखायला हवं.

सगळ्यात जास्त प्रस्ताव पैशाच्या रकान्यात मरतात. दरमहा दर मुलामागे खर्च किती, मुलं किती, महिने किती, पहिल्या वर्षी किती आणि नंतर दरवर्षी किती, हे एका तक्त्यात द्या. खर्च चालू लेखाशीर्षातल्या, म्हणजे अर्थसंकल्पात त्या कामासाठी आधीच असलेल्या खात्यातल्या, तरतुदीतून भागणार असेल तर ते ठळक लिहा. नवीन पदं किंवा नवी योजना आली की फाईल वित्त विभागाकडे जाते आणि तिथून शंका घेऊन परतते. वेळही पाहावी लागते. मार्चच्या अर्थसंकल्पाची आकडेमोड विभागांत कित्येक महिने आधीच सुरू होते. फेब्रुवारीत दिलेलं पत्र त्या वर्षापुरतं वाया गेलेलं असतं. नंतर पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितल्या जाणाऱ्या जादा निधीची वाट उरते, पण तिथे बाहेरच्या माणसाचा विषय क्वचितच शिरतो.

विलंबाविरुद्ध कायदा आहे ना? आहे. २००५च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १०नुसार सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. पण कलम ११ महत्त्वाचे धोरणात्मक निर्णय आणि कायदे करण्याची प्रकरणं यातून वगळतं. ज्या कागदाला मुदतीची सर्वाधिक गरज, त्यालाच मुदत नाही. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

त्यामुळे फाईल हलवणाऱ्या तारखा आपणच आणायच्या. पत्र दिल्यावर महिना-दीड महिन्याने माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'काय झालं?' असं विचारलं तर एका ओळीत उत्तर येतं. आवक क्रमांक देऊन टिपणी पृष्ठांच्या, म्हणजे फाईलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांच्या, प्रती मागा. कोणाच्या शेऱ्यावर विषय अडला ते दिसतं आणि पुढचं पत्र त्या शेऱ्याला उत्तर म्हणून लिहिता येतं. तीस दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करावं.

दुसरा मार्ग आमदाराचा. विधिमंडळात विचारायच्या तारांकित प्रश्नासाठी किंवा लक्षवेधी सूचनेसाठी मसुदा तयार करून द्या, आणि तो अधिवेशनाच्या पुरेसा आधी द्या. मंत्र्यांनी सभागृहात 'करू' म्हटलं की ते आश्वासन ठरतं, आणि त्याच्या पूर्ततेचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करू शकते. कार्यवृत्तातला तो उतारा पुढच्या प्रत्येक पत्राला जोडत राहा.

केंद्र सरकारच्या अधिसूचनांच्या मसुद्यांवर हरकती देणं वरकरणी सोपं, पण भाषाच आडवी येते. २०२०च्या पर्यावरण आघात मूल्यांकन मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाला आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करण्याचा आदेश द्यावा लागला होता. हरकत कलमवार द्या. छापील एकसारख्या हजार पत्रांची गणती बहुधा एकाच मुद्द्यात होते.

अधिकाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा, प्रत्यक्षात बदली त्याआधीही होते. नवा अधिकारी आला की आवक क्रमांक, टिपणीच्या प्रती, खर्चाचा तक्ता आणि सुधारित परिच्छेद असा संच पुन्हा नेऊन द्यावा. जुनी फाईल त्याच्यासमोर आपोआप येत नाही.