इच्छाशक्तीचं राहू द्या, सिगारेटचं बोलू

"एवढी वर्षं ओढत होतात, मग सोडलीत कशी?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय, की आता विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं त्याला कुठलं उत्तर हवंय. एक तर डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून घाम फोडला असावा, नाहीतर एके सकाळी मी भरलेलं पाकीट चुरगाळून खिडकीबाहेर भिरकावलं असावं. यातलं काहीच झालं नाही असं म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "म्हणजे इच्छाशक्ती जबरदस्त हं तुमची!" मी मान डोलावतो आणि विषय बदलतो, कारण खरं उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देण्याइतकं छोटं नाही. तुम्ही बसून, निवांत विचारलंत, वर आता या वयात सोडून काय फायदा हेही विचारलंत, म्हणून सांगतो.

माझी इच्छाशक्ती बेताचीच. पहाटे उठणं, डायरी लिहिणं, पोहायला जाणं, सगळं उत्साहात सुरू करून मी यथावकाश सोडलेलं आहे. हा माणूस सिगारेट सोडू शकतो, तर इच्छाशक्तीवर एवढा भरवसा ठेवायचं कारण नाही, एवढाच माझा मुद्दा.

आधी एक सांगून टाकतो: मला सिगारेट आवडायची. सोडलेले बरेच लोक "काय ती घाण ओढायचो" अशा सुरात बोलतात. मला ते जमत नाही. वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत शेवटचं पान छपाईला गेलं की जी पहिली पेटायची, तिच्यासारखं सुख थोड्याच गोष्टींत होतं. ओढणाऱ्याला "त्यात आहेच काय?" असं विचारणारा माणूस त्याच क्षणी कामातून जातो, कारण आहे ते ओढणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

पण त्या सुखाचा हिशोब जरा वेगळा निघाला. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे एक विझल्यावर थोड्याच वेळात चुळबुळ सुरू, मग चिडचिड, मग दुसरी. दुसरी पेटली की शांत वाटतं. "टेन्शन आलं की मला लागतेच" असं आपण म्हणतो, पण त्या टेन्शनचा बराचसा भाग आधीची उतरत आल्यामुळे झालेला असतो. हे मला कुणीतरी पूर्वीच सांगितलं होतं आणि मी ते उडवून लावलं होतं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र तपासून आलेला निष्कर्ष मात्र सरळ आहे: सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत काही आठवड्यांनंतर कमी झालेले दिसतात. पहिल्या आठवड्यात यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझाही नव्हता.

सोडण्याआधी सगळे जे करतात ते मीही केलं. 'कमी' केली. मग 'लाइट' घेतली. लाइट सिगारेटच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा मिसळते, त्यामुळे मोजणाऱ्या यंत्राला टार, म्हणजे धुरातला डांबरासारखा चिकट अंश, कमी दिसतं. माणूस यंत्रासारखा ओढत नाही. बोटांनी, ओठांनी ती छिद्रं झाकली जातात, झुरके खोल जातात, आणि मेंदूला जेवढं निकोटीन हवं असतं तेवढं तो वसूल करतोच. दिवसाला एकावर आणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण हृदय त्याची फारशी दखल घेत नाही. २०१८ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात, दिवसाला एकच ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा निघाला. विसावा भाग नव्हे, निम्मा.

तर मग सुटली कशी? पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, लावून आणि निकोटीनचं गम चघळून. हे ऐकून माणसांचा चेहरा पडतो. "म्हणजे औषधाने." हो, औषधाने. चष्मा लावून वाचलेलं पुस्तकही वाचलेलंच असतं.

या गमची गोष्ट मला फार आवडते. स्वीडनमधल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं की पाणबुडीवरच्या खलाशांना आत सिगारेट पेटवता येत नाही, तेव्हा ते तंबाखू तोंडात धरून वेळ भागवतात. म्हणजे ओढ निकोटीनची, धूर हे नुसतं वाहन. त्याने हे १९६७ साली ओव्हे फेर्नो या औषधकंपनीतल्या रसायनतज्ज्ञाला कळवलं. फेर्नो स्वतः भरपूर ओढणारा. त्यातून पुढे निकोटीनचं गम आलं. म्हणजे ही वस्तू कुठल्या उपदेशकाच्या डोक्यातून निघालेली नाही, एका ओढणाऱ्याच्या गरजेतून निघालेली आहे. कर्करोगाचं मुख्य कारण असलेली रसायनं आणि हृदयाला त्रास देणारा कार्बन मोनॉक्साइड हे सगळं धुरातून येतं. पॅचमध्ये धूर नाही.

फक्त वापरायचं कसं ते नीट विचारून घ्या. मी पहिलं गम साध्या च्युइंगगमसारखं कचाकच चावलं आणि तासभर उचक्या देत बसलो. थोडं चावायचं, जिभेला चुरचुरायला लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. ते तिथून शोषलं जातं. गिळलेलं निकोटीन पोटात जळजळ करण्यापलीकडे फारसं काही करत नाही. पॅच दिवसभर संथपणे देत राहतो, गम अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी. दोन्ही मिळून वापरले तर एकट्यापेक्षा बरा गुण येतो. बरेच लोक घाबरून कमी मात्रा घेतात, पंधरा दिवसांत बंद करतात आणि मग "पॅचने काही होत नाही" असं सांगत फिरतात. साधारण दोन-तीन महिने लागतात.

आता शरीराचं. पहिले तीन-चार दिवस वाईट, त्यातला दुसरा-तिसरा सर्वांत वाईट. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो, पण "आहाहा, कसं मोकळं वाटतंय" असं वगैरे काही होत नाही. उलट खोकला वाढू शकतो. तोंडात फोड येतात, पोट साफ होत नाही. मी स्वप्नात सिगारेट ओढायचो आणि जागा झाल्यावर खरंच ओढल्यासारखा ओशाळायचो. वजनही वाढतं. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. हे आधी सांगत नाहीत, का तर लोक सोडायचेच नाहीत म्हणून. मला वाटतं आधी सांगावं.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती, ती सगळ्यांना सांगत सुटतो. चहा-कॉफी. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करायला लागतं आणि तेच कॅफिनचा निचरा करतं. त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन इतरांच्या जवळपास दुप्पट वेगाने बाहेर पडतं. सिगारेट थांबली की हा वेग काही दिवसांतच खाली येतो. कप तेवढेच, पण रक्तातलं कॅफिन भलतंच वाढलेलं. हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री टक्क जाग, आणि माणूस म्हणतो, "बघा, सिगारेटशिवाय माझी काय अवस्था झाली!" पॅचचाही इथे उपयोग नाही, कारण हे काम निकोटीनचं नव्हे, धुराचं. कप निम्मे केले आणि माझी झोप परत आली. याच कारणाने काही औषधांचीही मात्रा बदलावी लागते, विशेषतः मानसिक आजारांवरच्या क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांची. अशी औषधं चालू असतील तर सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवलेलं बरं.

यातला बराचसा त्रास महिनाभरात निवतो. मेंदूतले निकोटीनचे ग्राहीबिंदू, म्हणजे निकोटीन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा, ओढणाऱ्यांत संख्येने वाढलेले असतात, तेही साधारण तीन महिन्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येतात. म्हणजे रसायनांचं भांडण मिटलं. माझं खरं भांडण त्यानंतर सुरू झालं.

सिगारेटने मला इतकी वर्षं एक गोष्ट फुकटात दिली होती: उठून जायला कारण. कंटाळवाणी बैठक चालली आहे, पाहुणे हलत नाहीत, कुणाशी बोलणं चिघळायला लागलंय, "आलोच एक मारून" म्हटलं की सुटका. कुणी विचारत नाही कुठे निघालात. न ओढणाऱ्यांना ही सवलत नाही. ते बिचारे बैठकीत बसून राहतात. शिवाय बाहेर उभं राहणाऱ्यांची एक वेगळी जमात असते. तिथे साहेब आणि शिकाऊ पोरगा एकाच काडीवर पेटवतात, आणि ऑफिसमधली खरी बातमी आधी तिथे फुटते. सोडल्यावर महिनाभर मला कुणाची बदली झाली, कोण कुणावर रागावलंय, काहीच कळेना.

आणि लिहिणं बंद पडलं. मथळा सुचेना. आधी असं होतं की वाक्य अडलं की उठायचं, पेटवायची, परत यायचं, आणि वाक्य सुटलेलं असायचं. मी श्रेय सिगारेटला देत आलो. खरं म्हणजे ते श्रेय उठण्याचं होतं, पण हे कळायला वेळ लागला, कारण सोडल्यावर पहिले दोन-चार आठवडे एकाग्रता खरोखरच ढासळते. त्या दिवसांत माणूस ठामपणे मानतो की आपली अक्कल सिगारेटमध्येच होती. माझ्या ओळखीचे जेवढे लिहिणारे पुन्हा ओढायला लागले, त्यातले बहुतेक याच पायरीवरून घसरले. कुणी दुःखाने नाही, कुणी पार्टीत नाही. एक परिच्छेद पुरा होईना म्हणून.

मी काय केलं, तर सिगारेट सोडली, उठणं सोडलं नाही. ठरल्या वेळी बाहेर जायचं, पाच मिनिटं उभं राहायचं, परत यायचं. ऐकायला सोपं आहे. हातात काही नसताना भिंतीला टेकून उभा असलेला माणूस मात्र फार संशयास्पद दिसतो हो! येणारा-जाणारा विचारायचा, "बरं आहे ना?" हातात सिगारेट असेपर्यंत, म्हणजे तब्येत बिघडवण्याचं काम चालू असेपर्यंत, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. जुन्या मंडळींपासून मात्र पहिले दोन महिने लांब राहिलो. नंतर त्यांच्यात नुसता उभा राहायला लागलो, वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

तुमचा दुसरा प्रश्न होता, आता या वयात सोडून काय फायदा. यावर मी रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकाचं नाव सांगतो. त्याने आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. आकडे हाती यायला लागले तसा अभ्यास पुरा व्हायच्या आधीच डॉलने स्वतःची सिगारेट बंद केली. पुढे १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या सुमारे ३४,००० पुरुष डॉक्टरांची नोंद ठेवायला घेतली आणि तिचा पन्नास वर्षांचा हिशोब २००४ साली मांडला गेला. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडलेल्यांनी त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडलेल्यांनी सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळपास सगळी. साठीतली तीन वर्षं कमी वाटत असतील, तर सत्तरीच्या एखाद्या माणसाला विचारून बघा.

आधीही मी सोडली होती, बरेचदा. बहुतेकांची अशीच सुटते. कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच. त्यामुळे "मला जमत नाही" म्हणणारा दुबळा नसतो, तो उरलेल्या पंच्याण्णवांतला असतो. पंच्याण्णवांत इच्छाशक्तीवाले नसतील का? भरपूर असतात.

हल्ली हा प्रश्न स्वतःसाठी विचारणारे कमी आणि दुसऱ्यासाठी विचारणारे जास्त. नवऱ्यासाठी, भावासाठी, वडिलांसाठी. त्यांना माझं सांगणं एवढंच, की पाकिटं लपवू नका, शर्टाचा वास घेऊ नका, मुलांच्या शपथा तर अजिबात घालू नका. त्याने माणूस फक्त लपून ओढायला शिकतो. त्यापेक्षा "दिवसातली कुठली सोडायला सगळ्यात जड जाईल?" असं विचारा. ओढणारा माणूस यावर मनापासून बोलतो, आणि तयारी कशाची करायची ते त्याच्या उत्तरातच असतं. मग डॉक्टरांकडे जाताना नुसतं "सोडायचीय" असं न म्हणता पॅच आणि गम एकत्र चालेल का, व्हॅरेनिक्लिन किंवा सायटिसिन या तलफ कमी करणाऱ्या गोळ्या मिळतील का, असं नाव घेऊन विचारा. फिट येण्याचा इतिहास असेल तर तोही सांगा, कारण सिगारेट सोडायलाच दिली जाणारी ब्युप्रोपियॉन नावाची गोळी अशांना देत नाहीत.