पुढचीच चाकं काळी का होतात? तुम्ही विचारलंत म्हणून

गाडी धुऊन चार दिवस होत नाहीत तोच पुढची दोन चाकं काळपट पडतात. मागची बऱ्यापैकी स्वच्छ असतात. हे काळं कसलं, आणि काय लावलं की निघतं? साताऱ्यात ॲलॉय व्हीलची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांची, गाडी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात हे विचारतोच. बहुतेकांना एखाद्या बाटलीचं नाव हवं असतं. बाटलीचं सांगतो, पण नंतर.

काळं आहे ते तुमच्याच ब्रेकचं. ब्रेकवर पाय दाबला की कॅलिपरमधले, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यातले, दोन पॅड बिडाच्या डिस्कला दोन्हीकडून आवळतात आणि त्यात दोघंही झिजतात. पॅडमधली राळ, ग्रॅफाइट, धातूचे तंतू आणि डिस्कचं लोखंड अशी सगळी मिळून मैद्यापेक्षा बारीक भुकटी उडते, तीही गरम. समोर चाक असतं, त्यावर ती बसते. कोरडी आहे तोवर ओल्या फडक्यालाही निघते. पण दव पडलं, पाऊस लागला, किंवा अर्धवट धुऊन गाडी तशीच उभी केली की लोखंडाचा कण गंजतो. गंजताना तो फुगतो आणि चाकावरच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, रुतून बसतो. मग तिथे मोहरीहून बारीक तपकिरी ठिपका दिसतो आणि बोट फिरवलं तर खरखर लागते. ताज्या भुकटीला शॅम्पू पुरतो, रुतलेल्याला औषध लागतं. एवढा फरक कळला की चुकीचं काही विकत घ्यायची वेळ येत नाही.

पुढचीच चाकं का, तर ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या ब्रेकवर पडतं. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात. ड्रम चहूबाजूंनी बंद, त्यातली भुकटी आतच साठते. मागेही डिस्क असलेल्या गाड्यांची चारही चाकं काळी होतात, मागची जरा कमी.

आता आपल्या भागाचं वेगळेपण. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईत उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. माणसांसकट १,२०० किलोच्या गाडीचा हिशेब केला तर त्या उतारातली ऊर्जा विजेच्या भाषेत सुमारे १.८ युनिट भरते, म्हणजे दोन किलोवॅटचा गिझर पाऊण तासाहून जास्त चालवण्याइतकी. त्यातली काही टायर आणि वारा खातात. उरलेली एक तर इंजिन खाणार, नाही तर ब्रेक. न्यूट्रल टाकून, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याची सगळी ब्रेककडे जाते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारेही आहेत. त्यांच्या चाकांची काळजी करण्यात अर्थ नाही, कारण इंजिन बंद असलं की दोन-चार वेळा पाय दाबल्यावर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. घाट यवतेश्वरचा असो, केळघरचा असो की कुंभार्लीचा, जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही बरोबर आहे: ज्या गियरवर चढाल त्याच गियरवर उतरा. वळणाआधी ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे दाबा आणि सोडून द्या. सतत हलका पाय ठेवला की पॅड आणि डिस्कला थंड व्हायला फुरसत मिळत नाही, झीज वाढते आणि भुकटी जास्त गरम होऊन चिकटते. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गियर किंवा ‘एल’ (लो) वापरा. चाकं स्वच्छ ठेवण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि हाच कोणाला नको असतो.

धुण्याची पद्धत. गाडी चालवून आणल्यावर निदान अर्धा तास सावलीत उभी राहू द्या, घाट उतरून आला असाल तर तासभर. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर ती एकसारखी आकसत नाही, आणि पुढे ब्रेक दाबताना पेडल थरथरायला लागतं. दुसरं, गरम चाकावर शॅम्पू आणि औषध दोन्ही सुकतात आणि त्यांचेच डाग पडतात.

चाकं आधी, बॉडी नंतर. चाकांची बादली आणि फडकी वेगळी ठेवा, खूण करून. या भुकटीत लोखंड आहे, तेच फडकं बॉनेटवर फिरलं तर बारीक ओरखड्यांची जाळी उमटते. दहा लिटर पाण्यात २० ते ३० मिलि कार शॅम्पू पुरे. एक चाक पूर्ण करून मगच पुढचं घ्या. आधी नुसत्या पाण्याचा मारा, आतल्या बाजूलाही. पावसाळ्यात कास किंवा महाबळेश्वरकडून आलात तर जांभ्याची लाल माती बसलेली असते. ती चरबरीत असते, म्हणून मऊ होऊन वाहून जाईपर्यंत हात लावायचा नाही. ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांमागे चालून आलेल्या चिखलाचंही तेच. मग मऊ ब्रश. रंगाचा दोन इंची जुना ब्रश उत्तम, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाही तर तीच पट्टी चाकाला चरे पाडते. आरे पुढून सगळेच पुसतात. मागची बाजू आणि नटांचे खड्डे राहतात, आणि पहिल्या पावसात काळे ओघळ तिथूनच बाहेर येतात.

शेवटच्या पाण्याकडे लक्ष द्या. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, चाक तसंच सुकलं तर पांढरे ठिपके पडतात. सातारा शहराच्या बऱ्याच भागात कास तलावाचं पाणी येतं. ते पावसाचं साठवलेलं, त्यात क्षार कमी. प्यायचं पाणी गाडीवर ओतू नये हे खरंच. पण धुणं बोअरच्या पाण्याने आणि शेवटचा एकेक मग्गा नळाच्या पाण्याचा, एवढं चालावं. काहीही असो, मायक्रोफायबरने लगेच कोरडं करा.

हे आठ-पंधरा दिवसांनी केलंत तर बाटली वर्षात तीन-चार वेळाच काढावी लागते. आता ती बाटली. दुकानात ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून मागा. त्यात थायोग्लायकोलेट हे रसायन असतं, केस कुरळे करायच्या लोशनमध्ये याच घराण्यातलं वापरतात, त्यामुळे वासही तसाच, सडक्या अंड्याकडे झुकणारा. ते लोखंडाशी संयोग पावतं आणि पाण्यात विरघळणारं जांभळं संयुग तयार होतं. चाक शॅम्पूने धुऊन, पाणी निथळू देऊन, एका चाकाला ३० ते ४० मिलि फवारा. मिनिटभरात आऱ्यांवरून जांभळे ओघळ उतरायला लागतात. तीन ते पाच मिनिटं थांबा, सुकू देऊ नका, ब्रशने हलकं फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार चाकांच्या तीनेक धुलाया होतात. हातमोजे घाला आणि हवा खेळती असेल तिथेच करा. जांभळं येईनासं झालं की लोखंड संपलं, मग आणखी फवारून उपयोग नाही. उरलेली खरखर डिटेलिंगच्या क्लेने (घाण उचलणाऱ्या मऊ वडीने) काढायची, शॅम्पूचं पाणी मारत, दाब न देता.

जांभळं न होणारा काळा डाग बहुधा डांबराचा असतो. महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून आलेल्या गाड्यांना हे होतंच, विशेषतः चाकाच्या खालच्या कडेला. टार रिमूव्हर नसेल तर फडक्याच्या टोकाला थोडं रॉकेल लावून तेवढाच डाग पुसा आणि जागा लगेच शॅम्पूने धुवा. अख्खं चाक रॉकेल-डिझेलने पुसायची पद्धत मात्र सोडा. चमक येते ती तेलाच्या थराची, त्यावर दुसऱ्या दिवशी दुप्पट भुकटी चिकटते. टायरचं रबर खराब होतं ते वेगळं. आणि तेच तेल डिस्कवर गेलं तर ब्रेक धरत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान ॲसिड करतं. काही वॉशिंगवाल्यांकडे लेबल नसलेल्या कॅनमध्ये पातळ केलेलं ॲसिड असतं, आणि घरी लोक संडास साफ करायचं लिक्विड वापरतात. पहिल्या वेळी चाक लखलखतं, म्हणूनच फसायला होतं. लॅकरला जिथे खडा लागून टवका उडालेला असतो तिथून ॲसिड आत शिरतं आणि ॲल्युमिनियम खातं. काही महिन्यांनी लॅकरखाली गांडुळाच्या वाटेसारख्या पांढुरक्या रेघा पसरतात. ही भुकटी नसते, त्यामुळे कुठल्याच बाटलीने जात नाही. चाक खरवडून पुन्हा रंगवावं लागतं. डायमंड कट (पुढचा भाग यंत्रावर कापून चमकवलेल्या) चाकांना हे लवकर होतं. कॉस्टिकचं कडक डीग्रीजरही ॲल्युमिनियमला तितकंच वाईट. वॉशिंगला गाडी दिलीत तर चाकाला काय मारणार हे आधी विचारा आणि नुसतं शॅम्पू मारायला सांगा. प्रेशरची नळीही हातभर लांबून. ॲलॉयच्या आत बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं असतात, जवळून झोत बसला तर एखादं उडतं आणि मग हायवेवर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. तिथे हवेच्या पाइपने कोरडी भुकटी उडवत असतील तर लांब उभे राहा. ती छातीत जायची वस्तू नाही. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत तर धुराच्या जोडीला ब्रेकच्या कणांवरही मर्यादा आली आहे: बहुतेक पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिकला ३.

चाक स्वच्छ आणि पूर्ण कोरडं झालं की त्याच दिवशी वॅक्स लावा. एका चाकाला हरभऱ्याएवढं, पातळ पसरून, दहा मिनिटांनी पुसून. दीड-दोन महिने टिकतं. चाकं तापतात, त्यामुळे बॉडीइतकं टिकणार नाही. हा थर भुकटी अडवत नाही, फक्त रुतू देत नाही; पुढच्या वेळी नुसत्या पाण्याने अर्धी निघते. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण ते करायचं तर नव्या चाकांवरच. ठिपके पडलेल्या चाकावर केलंत तर ठिपके कोटिंगखाली कायमचे. वॅक्स, टायर पॉलिश, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही डिस्कवर उडता कामा नये. टायर पॉलिश स्पंजावर घेऊन बाजूला लावायचं, फवारायचं नाही.

पॅड बदलून भुकटी कमी होते का? होते. सेमी-मेटॅलिक (धातू जास्त असलेले) पॅड जास्त काळं करतात, सिरॅमिक कमी, आणि त्यांची भुकटी फिकट असते. पण घाटातल्या माणसाने केवळ चाकं गोरी राहावीत म्हणून स्वस्त ‘लो डस्ट’ पॅड घालू नयेत. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच घाला. नवे पॅड बसवल्यावर सुरुवातीला भुकटी जास्त उडते, ते चालायचंच. डिस्कच्या पुढे बसवायच्या पत्र्याच्या झाकण्यांना तर सरळ नाही म्हणा. भुकटी अडते, पण वाराही अडतो, आणि उतारावर तोच हवा असतो.

धुवायच्या आधी एक मिनिट चाकांकडे नीट बघा. पुढची दोन्ही सारखीच काळी असायला हवीत. एक चाक ठळकपणे जास्त काळं असेल तर त्या बाजूच्या कॅलिपरचा पिस्टन किंवा स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) अडकल्या असाव्यात, पॅड सुटत नसेल. ते चाक जास्त तापतं, जळका वास येतो, ॲव्हरेज पडतं. याउलट एकच चाक संशयास्पद स्वच्छ असेल तर तिथे ब्रेक लागतच नसेल. पिना साफ करून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावून, बहुतेक वेळा काम भागतं. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरवर आलं असेल तर बदलून टाका, आणि जोडीनेच. मागच्या ड्रमच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला, तेलकट ओघळ दिसला तर ती भुकटी नाही, व्हील सिलिंडर (ड्रममधला ब्रेक ऑइलचा भाग) गळतोय. ते धुऊन टाकू नका, तसंच मेकॅनिकला दाखवा.

स्टीलच्या चाकांवर प्लॅस्टिकच्या कॅप असतील तर त्या काढून आतबाहेर धुवा. औषधाची गरज सहसा पडत नाही.

धुऊन झाल्यावर डिस्कवर तासाभरात नारिंगी गंज दिसतो. घाबरायचं कारण नाही, चार ब्रेकमध्ये जातो. तरी गाडी तशीच लावू नका. गल्लीत दोन-तीनशे मीटर फिरवून ब्रेक तीन-चार वेळा हलके दाबा म्हणजे पाणी उडेल. रात्री ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवला तर शू (ड्रममधले पॅड) आतून चिकटतात आणि सकाळी चाक सुटताना धाडकन आवाज येतो. सपाट जागा असेल तर गियरमध्ये लावा. उतार असेल तर मात्र हँडब्रेक हवाच, आणि चाकामागे दगड.