कासच्या पठारासाठी आर१०ची पिशवी भरताना : दुसरी नोंद

सप्टेंबरच्या उत्तरार्धात कासला जायचे नक्की झाले आहे. नवा कॅनन आर१० कॅमेरा आणि त्यासोबत घेतलेली १८-१५० मि.मी. झूम लेन्स आता हाताला सरावली आहे, त्यामुळे ही नोंद केवळ जोडीच्या साहित्याविषयी आहे. निवड करताना आधी पठाराचा विचार केला. साताऱ्यापासून सुमारे २५ कि.मी.वर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर पसरलेला हा जांभ्याचा सडा. मातीचा थर पातळ, खळग्यांतून पाणी साचलेले, वारा बहुधा वाहताच, धुके पाहता पाहता उतरणारे, आणि पायवाट सोडून फुलांत पाऊल टाकायला मनाई. ती मनाई मला मनापासून पटते. म्हणून ज्या वस्तूसाठी पायवाट सोडावी लागेल किंवा भर धुक्यात कॅमेऱ्यावरून लेन्स उतरवावी लागेल, ती वस्तू पिशवीत ठेवायची नाही, एवढा एकच निकष लावला.

या निकषाची खरी कसोटी लागली ती लहान फुलांच्या बाबतीत. सोनकी आणि तेरड्याचे गालिचे हाताशी असलेल्या लेन्सने सहज टिपता येतील. परंतु मला ओढ आहे ती सीतेची आसवे, गेंद, कवला आणि चिकट थेंबांनी लखलखणाऱ्या दवबिंदू वनस्पतीची, आणि या सगळ्यांचा आकार सेंटिमीटरच्या हिशेबातला. लहान वस्तू जवळून मोठी टिपणारी स्वतंत्र मॅक्रो लेन्स यंदाच्या खर्चात बसत नाही, तेव्हा पर्याय उरले दोन : कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी पोकळ एक्स्टेन्शन ट्यूब आणि लेन्सच्या पुढे लावायचे जादा भिंग, म्हणजे क्लोजअप लेन्स. ट्यूबमध्ये भिंग नसल्यामुळे चित्राचा दर्जा बिघडत नाही हे खरे, पण तिने प्रतिमा किती वाढते हे ट्यूबची लांबी भागिले लेन्सचे फोकल अंतर (लेन्सवरचा मि.मी.चा आकडा; तो मोठा तितके दृश्य जवळ दिसते) यावर ठरते. १६ मि.मी.ची ट्यूब ५० मि.मी.वर सुमारे ०.३ पटीची भर घालते, तर १५० मि.मी.वर जेमतेम ०.१ पटीची. म्हणजे तिचा लाभ घ्यायचा तर झूम आखडून फुलाच्या अगदी अंगाशी जावे लागणार, आणि पायवाटेवरून ते साधणार नाही. शिवाय ट्यूब बसवताना लेन्स काढावी लागते. मिररलेस कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरसमोर आरसा नसतो आणि माझ्या कॅमेऱ्यात लेन्स काढताच सेन्सर थेट उघडा पडतो, त्यामुळे झिमझिम पावसात हा उद्योग मला नको.

क्लोजअप लेन्सचे गणित उलट दिशेने चालते. ती फिल्टरसारखी पुढच्या आट्यांवर बसते आणि फोकल अंतर जितके मोठे तितकी ती अधिक उपयोगी पडते. चार डायॉप्टरची (डायॉप्टर हे भिंगाच्या शक्तीचे माप) क्लोजअप लेन्स लावून मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर फूल लेन्सपासून २५ सें.मी.वर स्पष्ट दिसते आणि १५० मि.मी.वर प्रतिमा ०.६ पट मिळते. आर१०चा सेन्सर २२.३ मि.मी. रुंद आहे, म्हणजे चौकटीत सुमारे ३७ मि.मी. रुंदीचा भाग मावतो. घरी स्टीलच्या पट्टीचे छायाचित्र घेऊन पाहिले, तेव्हा मोजमाप या हिशेबाशी जुळले. बाजारात मिळणारे एकेरी काचेचे स्वस्त संच मी टाळले, कारण त्यांत कडांना रंगीत किनार उमटते. दोन भिंगे चिकटवून केलेली, रंगदोष कमी करणारी ५५ मि.मी. आट्यांची क्लोजअप लेन्स घेतली. सगळ्या साहित्यात ही खरेदी मला सर्वांत समाधानकारक वाटते.

तिपाई घरीच राहील. तिचे पाय पसरले की एक तरी पाय वाटेबाहेरच्या फुलांवर पडणार, आणि मागून येणाऱ्यांची वाटही अडणार. त्याऐवजी जुन्या जीन्सच्या पायाची एक उशी शिवली आहे. तिच्यात कडधान्य भरण्याची रीत आहे, पण ते भिजले की फुगते, म्हणून प्लॅस्टिकचे दाणे भरले. उशी वाटेच्या कडेला ठेवून, कॅमेऱ्याचा पडदा बाहेर वळवून, जमिनीलगतचे चित्र आरामात घेता येते. लेन्समधील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, वाऱ्याने डोलणारे फूल मात्र थांबवत नाही; तिथे शटरचा वेग वाढवणे आणि झुळूक ओसरण्याची वाट पाहणे एवढेच हाती असते.

पोलरायझरबद्दल, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या फिरत्या फिल्टरबद्दल, पुष्कळ विचार केला आणि तो घेतला. ओल्या पानांवरची पांढरट चकाकी ढगाळ प्रकाशातही त्याने कमी होते आणि पठाराचा हिरवा रंग खुलतो. मात्र तो दीड स्टॉपच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश, प्रकाश खातो, म्हणून तो विस्तृत दृश्यांसाठीच. क्लोजअप लेन्ससोबत नाही. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाभोवतीचे कडे, १८-१५० लेन्सबरोबर मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो. पावसाचे तिरपे थेंब काचेवर येऊ नयेत यासाठी तो आवश्यकच आहे, पण हूड चढवल्यावर पोलरायझर फिरवायला बोट आत घालावे लागते, याचा सराव आधी करून ठेवलेला बरा.

पाण्यापासूनच्या बचावासाठी पारदर्शक पावसाळी आवरण, दोन सुती पंचे, हवा मारायचा रबरी फुगा आणि झिपच्या पिशव्या एवढे पुरे. गाडीतील वातानुकूलनामुळे थंड झालेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की त्यावर दव धरते, म्हणून तो बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा. परतल्यावर बुरशीची भीती असतेच. त्यासाठी हवाबंद डब्यात नारंगी सिलिका जेल ठेवले आहे, ज्याचा रंग हिरवट झाला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येते.

कार्डाचा प्रश्न सोपा होता. फुलांसाठी सलग छायाचित्रांचा मारा करावा लागत नाही, आणि माझे ४के चित्रीकरण सेकंदाला सुमारे १५ मेगाबाइट लिहिते, त्यामुळे व्ही३० दर्जाचे (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारे) यूएचएस-१ कार्ड पुरते. कॅमेऱ्यात खाच एकच असल्याने एका मोठ्या कार्डाऐवजी ६४ जीबीची दोन घेतली. बॅटरी १,०४० एमएएचची, लहानच आहे. व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावून काम केले तर दुसरी लागणारच, म्हणून कंपनीचीच एक जादा घेतली. कॅमेऱ्यात यूएसबीने चार्जिंग होते, पण त्यासाठी पॉवर डिलिव्हरीची (यूएसबीतून अधिक वीज देणाऱ्या पद्धतीची) सोय असलेलाच चार्जर लागतो, हे पॉवर बँक घेताना पाहून घ्यावे.

अजून ठरायचे आहे ते प्रकाश पसरवण्याचे साधन. कॅमेऱ्यातील फ्लॅशसमोर बटर पेपर धरून बाल्कनीतल्या तेरड्यावर प्रयोग चालू आहेत. हूड चढवलेला असताना त्याची सावली चौकटीच्या खालच्या भागात पडते, हूड काढल्यावर प्रकाश समाधानकारक येतो, पण मग थेंबांपासून काच उघडी राहते. छत्रीच्या कापडाचा लहान पांढरा गोल तारेवर ताणून पाहण्याचे ठरवले आहे. तो जमला तर त्याची मापे पुढच्या नोंदीत देईन.